मधूनच घेतलेला करंट

मूल रांगायला लागलं की बाई केर काढायला शिकते. त्याआधी मी जे करत होते ते केर काढणं नव्हे, नुसतं झाडू फिरवणं होतं, हे मला मीनू रांगायला लागल्यावर कळलं. आमच्या केरात वायरीचे तुकडे निघतात. बोटभर, नखाएवढे, लाल, हिरवे, तेलकट काळे. यांच्या पँटच्या खिशातून, शर्टाच्या घडीतून, एकदा तर तुरीच्या डाळीतून. मीनूच्या आधी ते माझ्या हाताला लागावेत म्हणून मी दिवसभर खाली मान घालून वावरते. शेजारणींना वाटतं, सुनेला वळण फार चांगलं आहे.

तुकडा सापडला की मी विचारते, "हा कुठला?" आणि मग तो तुकडा कुठल्या गाडीचा, तिचा मालक कोण, त्यानं काय सांगितलं आणि झालं काय, हे सगळं ऐकावं लागतं. तुकडे भंगारात जातात. किस्से घरातच साठतात, आणि ते विकत घ्यायला भंगारवालाही येत नाही.

आमचे हे मोटारीचे इलेक्ट्रिशियन. नाशिकला द्वारकेजवळ आग्रा रोडला लागून यांची पत्र्याची शेड, शेडच्या मागे आमच्या दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडते ती थेट शेडमध्ये. हाताखाली बबन. तो दिंडोरीकडचा. यांच्याइतकंच त्यालाही येतं असं हे म्हणतात, आणि यांच्यापेक्षा जास्त येतं असं बबन म्हणतो.

यांच्या धंद्यातली मुख्य विद्या दोन शब्दांत सांगता येते. गाडीत नवीन काही बसवायचं, हॉर्न म्हणा, पंखा म्हणा, तर त्याला करंट लागतो. त्यासाठी बॅटरीपासून वेगळी वायर ओढावी, असं पुस्तकात असतं. आमच्या शेडमध्ये, जी वायर जवळून जात असेल तिचं कातडं सोलतात, नवी वायर तिला पिळतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. याला म्हणतात 'मधूनच घेणं'. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आहे. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, आजाराचं कारण म्हणून सांगते. ज्यांना यातलं काही कळत नाही त्या बायकांना झोप चांगली लागते.

एवढंच असतं तरी चाललं असतं. लोकांच्या गाड्या, लोकांचं नशीब. पण शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक भंगारातली मोटार उभी होती. ती यांची स्वतःची. लग्नात माझे अप्पा यांना सगळ्यांदेखत म्हणाले होते, "जावईबापू साऱ्या नाशिकच्या मोटारी चालू करतात, आणि स्वतः सायकलवर." अप्पा इगतपुरीचे, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांना वाटलं विनोद केला. यांनी त्याच आठवड्यात मोटार ओढून आणली. आता ती उरल्यासुरल्या वायरींनी जोडायची आणि मीनूला मांडीवर घेऊन मला तिच्यातून माहेरी न्यायचं, हा यांचा पण. आणि माझ्या पोरीला मी त्या गाडीत बसू देणार नाही, हा माझा.

"आम्ही दोघी आपल्या आगगाडीनं जाऊ," मी म्हणाले.

बबन टेस्टर पुसत होता. म्हणाला, "वहिनी, आगीचीच भीती हाय ना तुम्हाला? मग जिच्या नावातच आग हाय, तिच्यात कशाला बसता?"

*

लग्नानंतरचे पहिलेच दिवस. मी शेडमध्ये चहा घेऊन गेले तेव्हा हे एका वयस्कर गृहस्थांना सांगत होते, "सर, मी स्पष्टच बोलतो. तुमच्या गाडीला अर्थ राहिलेला नाही."

ते गृहस्थ शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. हौसेनं जुनी गाडी घेतली होती. हॉर्न दाबला की त्यांचे दिवे मिणमिणायचे आणि दिवे लावले की हॉर्न कण्हायचा. त्यांचा चेहरा पडला.

"अर्थ राहिला नाही, म्हणजे?"

"म्हणजे पूर्वी असेल. आता लागत नाही."

"अहो, मी जन्मभर अर्थच लावत आलो. तुम्ही मला काय सांगता?"

मग मीच मध्ये पडले. म्हटलं, सर, बॅटरीचं एक टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, त्याला हे लोक 'अर्थ' म्हणतात, इंग्रजीतला. तिथं गंज चढला की करंटला परत यायला वाट राहत नाही. मला वाटलं आपण फार छान समजावलं. सर म्हणाले, "म्हणजे शब्द आहेत, पण पोचत नाहीत. सध्याच्या कवितेसारखं."

बबननं पॉलिशपेपरनं पत्रा घासला, काळी वायर नव्या स्क्रूनं आवळली. दिवे लख्ख लागले. हॉर्नही खणखणीत वाजला.

"लागला का अर्थ?" सरांनी विचारलं.

"लागला."

"आता संदर्भासह स्पष्टीकरण द्या."

*

अंबडच्या कारखान्यातले एक साहेब स्कूटर सोडून नव्यानं चारचाकीवर आले होते. त्यांना मागच्या बाजूला जादा दिवे हवे होते. खिशातून वायरिंगचा घडी केलेला नकाशा काढून त्यांनी बबनला विचारलं, "तुमच्याकडे वायरचा कलर कोड काय आहे?"

"हाय ना."

"काय आहे?"

"संपस्तवर लाल. मग हिरवी."

साहेबांनी नकाशाची घडी परत खिशात ठेवली. मी खिडकीतून कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे बघितलं. तिच्याखालची गाडी लाल संपून, हिरवी संपून, पिवळ्यावर आली होती.

*

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागाइतदाराला जीपमध्ये टेप बसवायचा होता. कॅसेटचा. बागेत औषध मारणाऱ्या माणसांना गाणी ऐकवली की काम हलकं होतं असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको म्हणाली, माणसांचं नाव पुढं करतात, ऐकायचं यांनाच असतं. हे त्या दिवशी नव्हते. बबननं दोन घटकांत टेप बसवला, करंट मधूनच घेतला, गाणं लावून दाखवलं. जीप गेली.

चार दिवसांनी जीप परत आली. येताना ती आग्रा रोडवर अशी येत होती: थोडं चालायची, थबकायची, गाण्याची एक ओळ ऐकू यायची, परत चालायची, परत थबकायची.

बागाइतदार खाली उतरले. "बबनराव, ह्यो टेप ब्रेक दाबल्याबिगर वाजत नाय."

झालं होतं एवढंच, की बबननं ज्या वायरीचं कातडं सोललं ती मागच्या ब्रेकच्या दिव्याची होती. ब्रेकवर पाय असेल तेव्हाच तिच्यात करंट. टेप बसवताना जीप उतारावर उभी होती, आणि बबननं मालकालाच ब्रेक दाबून बसायला सांगितलं होतं.

"घरून निघालो तर आर्धं कडवं म्हसरूळपर्यंत आलं," बागाइतदार म्हणाले. "पुरं गाणं ऐकायचं तर माणसानं जायाचं कधी?"

बबन मुकाट्यानं पक्कड घेऊन आत शिरला. तेवढ्यात जीपमधून त्यांची बायको म्हणाली, "भाऊ, हात लावू नका त्याला."

"का वं?" बागाइतदारांनी विचारलं.

"लगीन झाल्यापासून पयल्यांदा हा माणूस वळणावर ब्रेक मारतोय. गाण्यापायी का व्हईना."

बागाइतदार परत जीपमध्ये चढले. बायको म्हणाली, "चला. त्या कडव्यात पुढं काय होतं ते घरी जाईस्तोवर कळंल."

जीप थबकत थबकत निघून गेली. मी यांना म्हटलं, बघा, ही तुमची मधूनच घेण्याची विद्या. हे म्हणाले, "पण कोणाचं नुकसान झालं का?" मी उत्तर शोधत बसले. या माणसाशी भांडताना माझी हीच अडचण होते, मी प्रश्नाचा खरोखर विचार करते.

*

सय्यदभाई मुंबईची टॅक्सी चालवायचे. त्यांच्या दिव्यांचा फ्यूज वारंवार उडायचा. फ्यूज उडाला की ते गाडी बाजूला घ्यायचे, एक सिगारेट ओढायचे, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तो चकचकीत कागद, काढून फ्यूजला गुंडाळायचे आणि पुढे जायचे. घाटात दोनदा उडाला तर दोन सिगारेटी.

एकदा ते शेडमध्ये बसलेले असताना मी त्यांना फ्यूज म्हणजे काय ते समजावलं. म्हटलं, भाईजान, फ्यूजची तार मुद्दाम अशक्त ठेवलेली असते. करंट जास्त झाला की ती आधी मरते आणि गाडी वाचते. तुम्ही चांदी गुंडाळली तर ती मरणार नाही. मग दुसरं काहीतरी मरेल. मीनू तेव्हा पोटात होती, त्यामुळे मी सगळ्यांनाच हे 'दुसरं काहीतरी मरेल' ऐकवत असे. दूधवाल्यालासुद्धा.

सय्यदभाईंनी मान डोलावली. "सही बात है वहिनी. पण आता तो सवालच नाही राहिला. डॉक्टरनी सिगारेट बंद केली."

"अरे वा. चांगलं झालं."

"क्या चांगलं? मी डॉक्टरला बोललो, साहेब, सिगारेट सोडतो, पण कसाऱ्याच्या घाटात माझे दिवे कोण लावणार? तर डॉक्टर माझी छाती सोडून डोकंच तपासायला लागला."

यांनी त्यांचा मूळ फॉल्ट शोधून काढला. दिव्याची वायर सायलेन्सरला टेकून भाजत होती. ती बदलली, खरा फ्यूज घातला, आणि दोन जास्तीचे फ्यूज त्यांच्या हातात ठेवले. सय्यदभाईंनी ते खिशात टाकले आणि जाता जाता दारात थांबून सवयीनं सिगारेटचा खिसा चाचपला.

बबन म्हणाला, "भाई, काही झालं तरी बिडीवर नका येऊ. बिडीला चांदी नसती."

*

कोपऱ्यातल्या गाडीला सुरुवातीला सगळे 'म्हातारी' म्हणत. हे नाव बंद कसं झालं ते सांगते.

सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून त्या स्वयंपाकघरात खिडकीखाली चटई टाकून पडल्या होत्या. मी भाकऱ्या थापत होते. शेडमधून बबनचा आवाज आला, "भाऊ, म्हातारीचं काय करायचं आता? सकाळच्या पारी तर हलतच नाय."

"वय झालं," हे म्हणाले. "आतलं सगळं वाळून गेलंय."

"आवाज तेवढा लय करती."

"आवाजाचं काही नाही. आवाज शेवटपर्यंत राहतो."

मी भाकरी सोडून खिडकीकडे धावले, पण सासूबाईंनी मला हातानं अडवलं. त्यांना पुढचं ऐकायचं होतं.

"इकून टाका," बबन म्हणाला.

"घेणार कोण? आणि इतकी वर्षं लोकांच्या घरी राबलेली, तिला आता बाहेर काढायचं? बघू. उद्या चारजण बोलव. आडवी करू आणि खालून उघडून बघू."

सासूबाई खिडकीचा गज धरून उठल्या. गुडघ्यांचं त्या दिवसापुरतं काही दुखलं नाही. खिडकीतून तोंड बाहेर काढून शांतपणे म्हणाल्या, "बबन, चौघांना जेवायलाच बोलाव रे. आडवी केल्यावर वाढणारं कोणी राहणार नाही."

त्या दिवसापासून गाडीचं नाव 'सरकार' ठेवलं. सरकार हलत नाही, सरकार आवाज फार करतं, सरकारला आतून गंज लागलाय. काहीही बोला, घरात कोणाचं मन दुखत नाही.

*

मीनू जन्मली आणि रात्रंदिवस रडू लागली. झोका थांबला की रडणं. यांनी एक दिवस ट्रकच्या वायपरची मोटर पाळण्याला जोडली आणि खाली जुनी बॅटरी ठेवली. पाळणा आपोआप हलू लागला. वायपरसारखाच, इकडून तिकडे, तिकडून इकडे, मध्ये जरासा अडखळून.

मी पाळण्याखाली हात धरून उभी. जोड उघडा तर नाही, बॅटरीतलं पाणी सांडणार तर नाही, मोटर तापली तर. मीनू मात्र ठार झोपली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी बाप मुलाला हातसुद्धा लावत नसे. हा निदान वायर तरी लावतोय."

बबन कौतुकानं बघायला आला. त्यानं पाळण्यात हात घातला, चटकन काढला, नाकाशी नेला.

"भाऊ," तो म्हणाला, "वायपर चालू असून आत ओलं कसं?"

*

शेडमागच्या आमच्या कॉलनीतून दरवर्षी चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक निघते. यंदा ट्रकवर रोषणाई आणि माइक, दोन्ही यांच्याकडे होतं. हे दिव्यांच्या माळांत गुंतलेले, म्हणून माइकचं बबनकडे आलं. ट्रकही त्यानंच चालवायचा होता. त्यानं माइकच्या मशिनला करंट कुठून घेतला असेल ते आता तुम्हीच सांगाल. मधूनच. जवळून जात होती ती हॉर्नची वायर.

त्यामुळे असं झालं, की हॉर्न वाजला की सगळा करंट हॉर्न पिऊन टाकायचा आणि माइक मुका व्हायचा. गाणी चालू होती तोवर कोणाच्या लक्षात आलं नाही. विहारासमोर ट्रक हळू झाला आणि एक पुढारी वर चढले. निवडणूक जवळ आलेली होती. पुढारी बोलू लागले, आणि मुलं पुढच्या चाकाशी नाचू लागली, म्हणून बबन हॉर्न दाबू लागला.

"बंधू-भगिनींनो, मी या कॉलनीचा मुलगा आहे. आणि म्हणून आज मी तुम्हाला जाहीर शब्द देतो, की येत्या पावसाळ्याच्या आत मी इथं..."

पोंऽऽऽ.

"...करून दाखवीन. नाही केलं तर नावाचा नाही."

टाळ्या फार वाजल्या. नंतर बायकांमध्ये वाद लागला. कोणी म्हणे नळ, कोणी म्हणे गटार, सासूबाई म्हणाल्या त्यांनी स्पष्ट 'दिवे' ऐकलं. बबनला विचारलं तर तो म्हणाला, "मी हॉर्न वाजवत होतो, मला कसं ऐकू येईल?"

पावसाळा आला. नळ नाही, गटार नाही, दिवे नाहीत. मत मागायला पुढारी परत आले, हात जोडून म्हणाले, "मिरवणुकीत दिलेला शब्द मी अक्षरशः पाळला आहे."

अख्ख्या कॉलनीत एकालाही तो खोडता आला नाही.

*

आणि मग सरकार चालू झालं.

एका सकाळी शेडमधून वेगळाच आवाज आला, आणि मी बघते तर गाडी स्वतःच्या पायानं उभी, दिवे लागलेले, हे आत बसून हसतायत. मी मीनूला उचलून घेतलं, का ते माहीत नाही. गाडी काही अंगावर येत नव्हती.

"रविवारी इगतपुरी," हे म्हणाले.

मी म्हटलं, तुम्ही जा. आम्ही दोघी सकाळच्या पॅसेंजरनं येतो. रात्री जेवताना हे ताटाकडे बघून म्हणाले, "अप्पांच्या दारात मी एकटाच उतरू? मग सायकलच बरी होती."

मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की मी हिशेबी होते. मी म्हटलं, एका अटीवर. गाडीत एक मुख्य स्विच पाहिजे. बॅटरी आणि इंजिन, सगळं एका दमात तोडणारा. आणि तो माझ्या हाताशी पाहिजे, सीटखाली. मला जरा धूर दिसला, वास आला, की मी गाडी बंद करणार. तुम्हाला विचारणार नाही.

"चालेल," हे म्हणाले. लगेच. वादसुद्धा घातला नाही. मी बी.एस्सी. आहे, मला तिथंच संशय यायला हवा होता.

रविवारी निघालो. बबन अवजारांची पेटी घेऊन मागे बसला. मला धीर यावा म्हणून तो आला होता, पण डॉक्टरला बरोबर घेऊन निघणारा माणूस ठणठणीत असतो का? सासूबाई दारात आल्या. म्हणाल्या, "पोचलात की निरोप द्या. नाही पोचलात तरी द्या."

विल्होळी गेलं, वाडीवऱ्हे गेलं. पाऊस बारीक. डाव्या हातानं मीनू धरलेली, उजवा हात सीटखाली स्विचवर. माझं बाहेर लक्षच नव्हतं. हे मधून मधून डोंगर दाखवत होते, धबधबा दाखवत होते. मी डॅशबोर्डच्या फटीकडे बघत होते. मीनूला बापाची गाडी मानवली होती, ती वायपरकडे बघत झोपून गेली.

घोटी जवळ आली आणि मला वास आला. जळल्याचा. आधी वाटलं मनाचे खेळ. मग परत आला, चांगला खरपूस. मी मीनूला छातीशी घट्ट धरलं आणि स्विच खटकन बंद केला.

गाडी चालत राहिली.

मी परत चालू केला, परत बंद केला. गाडी चालूच. वायपर चालू, यांचं गुणगुणणं चालू.

"थांबवा," मी म्हणाले. "जळतंय. थांबवा आधी."

यांनी गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवली. मी मीनूला घेऊन पावसात उतरले, छत्री उघडली आणि पळत पंधरा-वीस पावलं लांब गेले. बबननं बॉनेट उचललं. दोघं आत डोकं घालून हुंगू लागले.

"हितं काहीच नाय," बबन म्हणाला.

"वास येतोय ना पण!"

"वास येतोय," बबननं कबूल केलं आणि नाक फिरवत फिरवत तो माझ्याकडे वळला. मग माझ्या मागे बघू लागला.

माझ्या मागे प्लास्टिकच्या कागदाखाली एक बाई शेगडीवर मक्याची कणसं भाजत बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "पळत आलीस ती! येवढी भूक लागली का गं? किती देऊ?"

कणसं घेतली. घ्यावीच लागली. आम्ही तिघं छत्रीखाली उभे राहून खात होतो, मीनू माझ्या खांद्यावर झोपलेली. अर्धं कणीस झाल्यावर माझं डोकं चालू झालं.

"मी स्विच बंद केला होता," मी म्हणाले. "गाडी बंद का नाही झाली?"

बबन कणसाकडे फार बारकाईनं पाहू लागला.

"अहो. त्या स्विचच्या वायरी कुठं गेल्यात?"

"सीटखाली," हे म्हणाले.

"सीटखालून कुठं?"

"सीटखालीच."

"मग तो कशाला जोडलाय?"

यांनी तोंडातले दाणे चावून संपवले. "तुझ्या हाताला," हे म्हणाले.

पाऊस जरा वाढला. कणीसवाली शेगडीला वारा घालत होती आणि आमच्याकडे बघत नाही असं दाखवत होती. हे रस्त्याकडे बघत म्हणाले, "घोटीचं स्टेशन इथून जवळ आहे. इगतपुरीची पॅसेंजर मिळेल. सोडू का दोघींना? मी नाही काही म्हणणार."

मी मीनूचं टोपडं सारखं केलं. तिच्या केसांना धुराचा, भाजलेल्या मक्याचा वास येत होता. गाडीजवळ गेले, पुढचं दार उघडलं, आत बसले. दार ओढून घेतलं.

हे येऊन शेजारी बसले. बबन मागे बसला, पेटी पायाशी घेतली. यांचा हात चावीवर गेला आणि तिथंच थांबला.

"वहिनी," बबन मागून म्हणाला, "स्विच बंद हाय का चालू?"

मी सीटखाली हात घातला आणि खटका वर केला.

"चालू केला."

"हां," बबन म्हणाला. "भाऊ, मारा सेल्फ आता."